बारामतीचे पाझर तलाव आणि मिशनचा गहू

प्रश्न : आमचे आजोबा सांगतात, की दुष्काळाच्या दिवसांत बारामतीच्या मिशनकडून गहू आणि तेल मिळायचं आणि त्या बदल्यात गावोगावची माणसं तलावाच्या भरावावर माती टाकायची. आता आमच्या घरात चुलत्यांच्या दारूपायी संसार मोडायची वेळ आली आहे. पाहुण्यांपैकी एकजण म्हणतात, ‘ख्रिस्ती लोकांच्या केंद्रात ठेवा, ते चांगलं बघतात.’ दुसरे म्हणतात, ‘नको, धर्म बदलायला लावतील.’ ख्रिस्ती संस्था भुकेल्यांसाठी, बेघरांसाठी, व्यसनी माणसांसाठी एवढं का करतात? त्यामागे अट असते का? आणि आमच्यासारख्यांनी कुठे जावं?
– एक वाचक, वरकुटे (ता. इंदापूर)

उत्तर : तुमच्या एका पत्रात तीन प्रश्न आहेत आणि तिन्ही महत्त्वाचे आहेत. आधी आजोबांची आठवण, मग एकेक प्रश्न घेऊ.

मिशनचा गहू बारामतीत आला कसा?

आजोबांची आठवण खरी आहे. ऑस्ट्रेलियातल्या ‘चर्चेस ऑफ क्राइस्ट’ या पंथाचं मिशन विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बारामती, दौंड, श्रीगोंदा या पट्ट्यात काम करत होतं. शाळा, मुलांची वसतिगृहं, दौंडचा दवाखाना अशी त्याची कामं होती. दुसरी संस्था म्हणजे ‘चर्चेस ऑक्झिलरी फॉर सोशल अ‍ॅक्शन’. तिला सगळे ‘कासा’ म्हणूनच ओळखतात. फाळणीत घरदार सोडून आलेल्या निर्वासितांना मदत करण्यासाठी भारतातल्या प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चनी 1947 मध्ये हे काम एकत्र येऊन सुरू केलं. पुढे दुष्काळ, पूर, भूकंप अशा प्रत्येक संकटात कासा परदेशातल्या चर्चकडून आलेलं धान्य आणि तेल लोकांपर्यंत पोहोचवत राहिली.

आपला भाग पर्जन्यछायेचा. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा. नीरा डाव्या कालव्याच्या खाली ऊस आणि वरच्या अंगाला जिराईत माळ. एकाच तालुक्याचे हे दोन भाग तुम्ही रोज पाहता. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात जिराईत भागात सलग टंचाई पडली. 1967 मध्ये शरद पवार बारामतीचे आमदार झाले होते. मिशनची ओळख आणि कासाचं धान्य यांच्या आधाराने बारामती तालुक्यात ‘कामाच्या बदल्यात धान्य’ हा प्रयोग सुरू झाला. तांदुळवाडीसारख्या गावांतून पाझर तलाव उभे राहू लागले. याच कामातून 1971 मध्ये बारामतीचा अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट जन्माला आला. म्हणजे आज शेतीतल्या प्रयोगांसाठी साऱ्या देशाला माहीत असलेल्या संस्थेच्या मुळाशी चर्चने पाठवलेला गहू आणि जिराईत गावांतल्या बायाबापड्यांचा घाम आहे.

पाझर तलाव म्हणजे ओढ्यावर घातलेला मातीचा बांध. त्यातलं पाणी पाटाने शेतात न्यायचं नसतं. ते साठतं, हळूहळू मुरमातून आणि खडकाच्या भेगांतून खाली झिरपतं आणि बांधाच्या खालच्या अंगाच्या विहिरींना उतरतं. म्हणून एकदा पोटाला मिळालेला गहू संपला, तरी विहिरीचं वाढलेलं पाणी पुढच्या कित्येक उन्हाळ्यांत कामी आलं. 1972 च्या दुष्काळात राज्यभर लोकांनी मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले, लाखो माणसं खडी फोडायला आणि नालाबंडिंगला गेली. त्याच सुमारास महाराष्ट्रात रोजगार हमी योजना सुरू झाली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. तिचं श्रेय वि. स. पागे यांना आणि तासगावकडच्या त्यांच्या 1965 च्या प्रयोगाला जातं. पण काम मागेल त्याला काम द्यावं आणि त्या कामातून गावाची कायमची मालमत्ता उभी राहावी, हा विचार त्या वर्षांत बारामतीच्या माळावरही रुजत होता.

याआधीच्या दुष्काळांशी तुलना केली, की या बदलाचं मोल कळतं. 1876–77 च्या दुष्काळात इंदापूर आणि आसपासचे तालुके होरपळले. तेव्हा सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरच्या मजुराची रोजी दिवसाला एक पौंड धान्याच्या हिशेबाने बसवली. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. दिवसभर माती उपसणाऱ्या माणसाला एवढ्याने काय होणार? हजारो मजुरांनी कामं सोडून निषेध केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. भुकेल्याला किती द्यायचं आणि कोणत्या मानाने द्यायचं, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात तेव्हापासूनचा आहे.

हे लोक असं का करतात?

ख्रिस्ती माणसासाठी याचं उत्तर श्रद्धेत आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात अखेरच्या न्यायाचं वर्णन आहे. तिथे माणसाला विचारलं जातं ते भुकेल्याला जेवू घातलंस का, परक्याला घरात घेतलंस का, आजाऱ्याला आणि कैद्याला भेटलास का, एवढंच. जे काही या लहानांसाठी केलं ते देवासाठीच केलं, असा त्याचा अर्थ. या एका अध्यायावर जगभरचे अन्नछत्र, निवारे आणि दवाखाने उभे आहेत.

1865 मध्ये विल्यम आणि कॅथरीन बूथ यांनी लंडनच्या पूर्व भागात काम सुरू केलं, तेव्हा त्यांच्यासमोर एकाच माणसात तिन्ही दुःखं होती. तो उपाशी होता, रस्त्यावर झोपत होता आणि मिळेल तो पैसा दारूत घालवत होता. उपाशी माणसाला प्रवचन ऐकू येत नाही, म्हणून आधी गरम जेवण आणि अंघोळ, मग बाकीचं, असा क्रम त्यांनी ठरवला. त्यांचीच ‘सॅल्व्हेशन आर्मी’ म्हणजे आपली मुक्तिफौज. 1882 मध्ये फ्रेडरिक टकर मुंबई बंदरात उतरले आणि त्यांनी हे काम भारतात आणलं. ते भगवे कपडे घालत, अनवाणी फिरत आणि फकीर सिंग हे नाव लावत. अहिल्यानगरमधलं (पूर्वीच्या अहमदनगरमधलं) मुक्तिफौजेचं इव्हेंजलीन बूथ रुग्णालय आपल्याकडच्या अनेकांना माहीत असेल.

पण याचं सर्वांत जवळचं आणि सर्वांत मोठं उदाहरण तुमच्यापासून फार दूर नाही. दौंड तालुक्यातलं केडगाव. तिथलं काम उभं करणाऱ्या पंडिता रमाबाईंनी स्वतः भूक भोगली होती. 1870 च्या दशकात दक्षिणेतल्या दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि बहीण थोड्या थोड्या अंतराने गेले. पुढे 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथल्या जोगिणींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातलं एक घर दाखवलं. समाजाने ‘वाया गेलेल्या’ म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे प्रेमाने सांभाळलं जात होतं. अशा बायकांची सेवा धर्माचा भाग असू शकते, हे रमाबाईंनी प्रथमच पाहिलं. तुम्ही असं का करता, असं विचारल्यावर त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट ऐकायला मिळाली. आपल्या धर्मांतरामागे हा अनुभव होता, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

दुसऱ्याची भूक ही आपली जबाबदारी मानणं आपल्या परंपरेलाही नवं नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठार उघडल्याची कथा आजही कीर्तनातून सांगतात. गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, मुंबईत धर्मशाळा बांधल्या आणि भुकेल्याला अन्न, बेघराला आसरा हाच आपला धर्म मानला. तुकोबांची पालखी तुमच्याच तालुक्यातून जाते. तेव्हा निमगाव केतकीत आणि इंदापुरात अनोळखी माणसाला पंगतीत बसवताना कुणी जात विचारत नाही. मिशनने जी भर घातली ती मुख्यतः संस्थेची. वारीनंतरही, रोज, वर्षानुवर्षं, नोंदवही आणि हिशेब ठेवून चालणारी सेवा.

केडगावात नेमकं काय झालं?

1896–97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीतून तीनशेच्या आसपास मुली आणि बायका घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची धामधूम. सगळ्यांना शहरात ठेवणं शक्य नव्हतं. म्हणून केडगावच्या शेतजमिनीवर तंबू ठोकून मुक्तिसदन उभं राहिलं. 1900 च्या दुष्काळानंतर तिथल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

एवढ्या माणसांना फक्त जेवू घालणं हीच मोठी गोष्ट. पण रमाबाईंनी तिथे थांबायचं नाकारलं. छपाई, विणकाम, तेलघाणा, गोठा, शेती, स्वयंपाक, शिक्षिकेचं काम, असं काहीना काही प्रत्येकीच्या हाताला दिलं. अंध मुलींसाठी ब्रेलची सोय केली. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपासदन वेगळं बांधलं. अनेकींना जन्मात पहिल्यांदाच स्वतःची कमाई हातात मिळाली. ज्यांना गावाने, सासरने, नशिबाने बाहेर काढलं होतं, त्यांना निजायला जागा आणि आपलं म्हणायला माणसं मिळाली. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी गेल्या. केडगावचं मुक्ती मिशन आजही निराधार स्त्रिया आणि मुलांसाठी काम करतं.

केडगावसारखाच आसरा देणारं मुंबईत भायखळ्याला मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीचं ‘आशादान’ आहे. 1976 मध्ये हिंदुस्तान लिव्हर कंपनीने दिलेल्या जागेत ते सुरू झालं. रस्त्यावर सोडलेली बाळं, मतिमंद मुलं, शेवटच्या दिवसांतले आजारी यांना तिथे ठेवतात. ज्याला बरं करता येणार नाही त्यालाही स्वच्छ अंथरूण आणि हात धरणारं माणूस मिळालं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. त्याला विरोध करणं मला तरी शक्य नाही.

धर्म बदलण्याची अट असते का?

या प्रश्नाला सरळ उत्तर दिलं पाहिजे, कारण इतिहासात दोन्ही बाजूंचे पुरावे आहेत.

दुष्काळात मिशनच्या दारात आलेल्या कित्येकांनी पुढे बाप्तिस्मा घेतला. त्यात मनापासून घेणारे होते, तसेच पोटासाठी घेणारेही होते. हा वाद मिशनरींमध्येही होता. रमाबाईंच्या शारदासदन या विधवा-मुलींच्या शाळेवरून 1893 मध्ये पुण्यात मोठं वादळ उठलं. मुली प्रार्थनेला बसतात म्हणून ‘केसरी’ने कडक टीका केली आणि न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. उपाशी माणूस ‘नाही’ म्हणू शकत नाही, म्हणून अन्न आणि श्रद्धा एका ताटात वाढू नये, हा आक्षेप तेव्हाही योग्य होता आणि आजही योग्य आहे.

याहून कडू प्रकरण तथाकथित गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचं. 1871 चा कायदा मूळ उत्तर भारतापुरता होता; 1911 मध्ये तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि त्याखाली इंग्रज सरकारने पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवलं. मुंबई इलाख्यात त्यांच्यासाठी कुंपणाच्या वसाहती उभ्या केल्या आणि त्यांपैकी काही मिशनकडे चालवायला दिल्या. सोलापूरची वसाहत अमेरिकन मराठी मिशनने चालवली, बारामतीची ऑस्ट्रेलियन मिशनने. तिथे शाळा होती, काम होतं, डोक्यावर छप्पर होतं. पण हजेरी दिल्याशिवाय बाहेर पडता येत नव्हतं. स्वातंत्र्यानंतर कायदा रद्द झाला, तरी त्या शिक्क्याचे चटके या समाजांना अजून बसतात. प्रेमाने चालवलेली जागाही माणसाचं स्वातंत्र्य काढून घेत असेल, तर ती सेवा अपुरी राहते. हे आपल्या बारामतीच्याच इतिहासातून शिकायला मिळतं.

दुसरीकडे तलावांचं काम पाहा. तिथे खोरं-पाटी घेणाऱ्याला धान्य मिळे. त्याचा देव कोणता हा प्रश्न नव्हता. कासाचं धोरण जात-धर्म न पाहता मदत करण्याचंच आहे. आज परदेशातून पैसा घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला केंद्र सरकारकडे नोंदणी करावी लागते आणि हिशेब द्यावा लागतो. तेव्हा ‘सगळे धर्म बदलायला लावतात’ हे म्हणणं खरं नाही आणि ‘कुणीच कधी लावत नाही’ हेही खरं नाही. संस्था एकेक करून पाहावी लागते.

आणि दारू?

व्यसनमुक्तीच्या कामात चर्चचा वाटा मोठा आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही चळवळ 1935 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात सुरू झाली, ती एका ख्रिस्ती गटाच्या सहवासातून. पुढे तिने स्वतःला कोणत्याच धर्माशी बांधून घेतलं नाही. 1957 पासून ती मुंबईत आहे. इथे दारू सुटलेली माणसं दारू सोडू पाहणाऱ्यांसोबत बसतात. फी नाही, नाव सांगायची सक्ती नाही. सभा कधी चर्चच्या खोलीत भरते, कधी शाळेच्या वर्गात. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन नावाचे वेगळे गट असतात. तुमच्या काकूंना त्यांचा आधार होऊ शकेल.

मुंबईच्या वांद्र्याला फादर जो परेरा यांनी 1981 मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केलं. हे धर्मगुरू स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर आलेले. बी. के. एस. अय्यंगार यांचे ते शिष्य. म्हणून त्यांच्या केंद्रांत समुपदेशन आणि गटसभांबरोबर योगासनंही असतात. 2009 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्यात अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी 29 ऑगस्ट 1986 रोजी सुरू केलेलं मुक्तांगण आहे. पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने उभं राहिलेलं हे केंद्र कोणत्याही धर्माचं नाही. बारामतीहून पुणे जवळ, त्यामुळे तुमच्यासाठी ते सोयीचं ठरेल.

आपल्याकडे माळ घालून दारू सोडणारी पुष्कळ माणसं आहेत. वारकरी झालेल्या माणसाला नवी संगत मिळते, संध्याकाळी भजनाला जायचं ठिकाण मिळतं आणि गाव त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतं. चर्चच्या केंद्रांत आणि गटसभांतही बळ त्याच संगतीचं असतं. मात्र एक गोष्ट कुठल्याही श्रद्धेच्या माणसाने विसरू नये. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली, तर पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येणं, भ्रम होणं, प्रसंगी जीव जाणं, हे होऊ शकतं. त्यामुळे पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच जायला हवेत. प्रार्थना, माळ, सभा हे सगळं त्यानंतरच्या लांबच्या वाटेसाठी.

मग जायचं कुठे आणि पारखायचं कसं?

केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन 14446 आहे. तिथून जवळच्या केंद्राची माहिती मिळते. निराधार मूल दिसलं तर 1098, एकटे पडलेले वृद्ध असतील तर 14567, संकटातली स्त्री असेल तर 181.

केंद्र कोणत्या धर्माचं आहे यापेक्षा मी पुढच्या गोष्टी विचारीन. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 प्रमाणे त्याची नोंदणी आहे का, आणि डॉक्टर कधी व किती वेळ येतात? आत मारहाण, साखळी, कोंडून ठेवणं असले प्रकार नाहीत ना, आणि घरच्यांना भेटता येतं का? प्रार्थनेला न बसणाऱ्याला जेवण, औषध, अंथरूण तेवढंच मिळतं का? खर्च लिहून देतात का? आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, बाहेर पडल्यावर काय? पाठपुराव्याच्या सभा आहेत का, कुणी फोन करून विचारतं का, कामधंदा परत सुरू करायला मदत होते का? या प्रश्नांची मोकळी उत्तरं देणारं केंद्र चर्चचं असो, मठाचं असो की सरकारचं, त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. जे उत्तर टाळतील तिथून माणूस परत आणा.

हीच कसोटी मी भुकेच्या आणि बेघरपणाच्या कामालाही लावतो. भूक, दारू आणि रस्ता ही बहुतेक वेळा एकाच घसरणीची टोकं असतात. पीक जातं, कर्ज होतं, बाटली जवळ येते, भांडणं होतात आणि एक दिवस माणूस दौंडच्या फलाटावर झोपलेला सापडतो. ताटभर जेवण त्याला आजचा दिवस देतं आणि ते द्यायलाच हवं. पण ज्या सेवेने त्याला काम दिलं, कागदपत्रं मिळवून दिली, घरच्यांशी पुन्हा बोलतं केलं, ती सेवा त्याला पुढचं आयुष्य देते. केडगावचा छापखाना आणि बारामतीचे तलाव मला म्हणूनच मोठे वाटतात. दोन्ही ठिकाणी मदत घेणारा माणूस कर्ता झाला.

तुमच्या चुलत्यांचं वाटोळं झालेलं नाही, त्यांना आजार झाला आहे, हे आधी घरात सगळ्यांनी मान्य करा. ते उपचार घेऊन परत येतील तेव्हा त्यांच्यासाठी दोन गोष्टी तयार ठेवा : रोजचं काम आणि टोमणे न मारणारी माणसं. पहिली सोय भावकीने करायची आहे, दुसरी गावाने. केंद्र, मग ते कुणाचंही असो, काही आठवडेच सांभाळू शकतं. त्यापुढची वर्षं वरकुट्यातच जायची आहेत आणि ती निभावायची ताकद तुमच्या गावात आहे, याबद्दल मला शंका नाही.